अक्कांची सावड

आमच्या कारखान्यात सगळ्यांच्या आधी दमायचा मान अक्कांचा होता. दुपारची जेवणं उरकून मशिनी पुन्हा सुरू झाल्या, की थोड्या वेळानं त्या हॉलच्या मधोमध ठेवलेल्या स्टुलावर धपकन बसायच्या, पदरानं वारा घ्यायच्या आणि पंख्यांच्या आणि मशिनींच्या आवाजाच्या वरताण आवाज काढून जाहीर करायच्या, "मी दमले बाई!"

त्या सुपरवायझर होत्या. बाकीच्या बायकांकडून काम करून घेणं हे त्यांचं काम, आणि त्याच आधी फतकल मारून बसणार. मी तिथं डिस्पॅचला नवीन लागलो होतो. तयार माल वेळेत गाडीवर चढवायचा ही माझी जबाबदारी, त्यामुळे कुणी बसलेलं दिसलं की मी घड्याळ बघायचो. ह्या बाईला सुपरवायझर कुणी केलं, असं मी पहिल्याच आठवड्यात घरी येऊन बायकोला विचारलं होतं.

मग हळूहळू दिसायला लागलं. अक्का बसल्या की कॉलरच्या मशिनवरची बाई उठून पाठ मोकळी करायची. बाहीवाली पाणी प्यायला जायची. काजाबटणवाली डोळ्यांवर ओला हात फिरवायची. कुणाला काही विचारावं लागायचं नाही, कारण सुपरवायझरच बसलेली. पाच-सात मिनिटांनी अक्का "चला गं" म्हणून उठायच्या आणि हॉल पुन्हा सुरू व्हायचा. मी एकदा विचारलंच, तेव्हा म्हणाल्या, "साहेब, बाई आपणहून म्हणत न्हाय, मी दमले म्हणून. घरी म्हणून काय उपेग झालेला नसतोय. मग हितं कशाला म्हणंल? कुणीतरी मोठ्यानं म्हणावं लागतंय की."

त्यांचं नाव कमलबाई शिवशरण. मालक 'कमलबाई' म्हणायचे, बाकी सगळे अक्का. ठेंगणा बांधा, जाड भिंगांचा चष्मा, आणि गळ्यात कायम शिंप्याचा टेप. हा टेप त्या बहुधा अंघोळीपुरताच काढत असाव्यात. भाचीच्या लग्नात, पैठणीवरसुद्धा तो गळ्यात होता, मी स्वतः पाहिलाय. राहायला सोलापूरबाहेर, कुंभारीच्या घरकुल वसाहतीत. सकाळी शेअर रिक्षातून उतरल्या की वॉचमनला 'जय भीम' घालून त्या आत यायच्या आणि मग प्रत्येकीची चौकशी. तेलुगू बोलणाऱ्या लक्ष्मीला "तिन्नावा?", शबानाला "क्या गे, खाना खाई क्या?", कानडी बोलणाऱ्या मैंदर्गीकडच्या बायकांना "ऊटा आत?" सोलापुरात चार भाषा येणारी माणसं पुष्कळ आहेत. अक्कांना चार भाषांत मिळून एकच प्रश्न येत होता, जेवलीस का. उत्तर नाही आलं तर पुढचं सगळं मराठीत ऐकावं लागायचं.

आमच्याकडे शाळेचे गणवेश शिवले जातात. शर्ट, फ्रॉक, हाफ पँट. देशातल्या कुठल्या कुठल्या गावची पोरं सोलापुरात शिवलेले शर्ट घालून शाळेत जातात, त्यांना त्याचा पत्ता नसतो. आमचा खरा हंगाम उन्हाळ्यात. बाहेर रस्ता तापून डांबर चपलेला चिकटायला लागलं, की आमच्याकडे ऑर्डरींचा पूर येतो. शाळा उघडण्याचा दिवस काही पुढे ढकलता येत नाही. त्या दिवसात हॉलमधल्या बायका घरचं पाणी, स्वयंपाक, लेकरं आटोपून यायच्या आणि मशिनवर बसायच्या. जेवल्यानंतरच्या वेळेला त्यांचे डोळे उघडे असायचे, पण त्यात कुणी नसायचं.

अशा वेळी अक्का हॉलात काडी टाकायच्या. एका दुपारी मी माल मोजायला गेलो होतो. सगळ्या मशिनी बैलगाडीच्या चालीनं चाललेल्या. अक्का मधोमध उभ्या राहिल्या आणि कुणालाही उद्देशून न बोलता म्हणाल्या, "कडक भाकरी दह्यात बुडवून खाणाऱ्या बाईला मी बाईच म्हणत न्हाय."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "का बरं? आमच्यात दह्यातच खातेत." दुसरी म्हणाली, "दह्यात? मग शेंगाची चटणी काय पाव्हण्याला ठेवलीय का?" झालं! हॉलचे उभे दोन तट पडले. माहेर निघालं, सासर निघालं, कुणाच्या सासूच्या हाताला चव नाही ते निघालं. शबाना मशिन चालवता चालवताच ओरडली, "दही बी नको, चटणी बी नको, खारा गोश्त लाओ!" आणि सगळा हॉल हसला. मी पाहत होतो, भांडता भांडता पायाखालचं पॅडल दणादण चाललं होतं. बाई रागात असली की जोरात शिवते, हा अक्कांचा सिद्धांत. मात्र काडी कधीही घरच्या दुखऱ्या गोष्टीची नसायची. भाकरी, टीव्हीतली सून, कुठल्या दुकानातल्या बांगड्या लवकर फुटतात, असलीच. दुसऱ्या दिवशी कुणी त्याच वादाचं शेपूट धरलं तर त्या म्हणायच्या, "शिळं नको. आज नवीन काडू."

अक्का म्हणजे काही साध्वी नव्हत्या, हेही सांगून टाकतो. मोजदादीत त्या अगदी कच्च्या. "किती डझन झाले अक्का?" म्हणून विचारलं की "झालंच की" हे एकच उत्तर. हे 'झालंच की' मालकांना एका अर्थानं, मला दुसऱ्या आणि बायकांना तिसऱ्याच अर्थानं मिळायचं. खरं किती झालं हे मला टेबलावर जाऊन स्वतः मोजावं लागायचं. त्यांच्या लाडक्या बायका होत्या, आणि लाडकीला खिडकीजवळची मशिन मिळायची. रागही त्या जपून ठेवायच्या, लोणच्यासारखा. लक्ष्मीनं एकदा अक्कांची सोडून दुसऱ्या कुणाच्या तरी शेंगाच्या चटणीची तारीफ केली, तर अक्का कित्येक दिवस तिच्याशी फक्त कामापुरतं बोलत होत्या. आणि मालकांशी त्यांचं रोज वाजायचं. मालक केबिनमधून बाहेर आले की अक्का मुद्दाम मोठ्यानं काहीतरी तक्रार काढायच्या, पंख्याची, पाण्याची, धाग्याची. आपल्या वतीनं कुणीतरी भांडतंय हे बायकांना दिसावं म्हणून हे नाटक आहे, अशी माझी समजूत होती. मालकांची मात्र तशी समजूत नव्हती, ते खरोखर वैतागायचे.

मालकांचा मुलगा शिकून आला, तेव्हा त्यानं पुण्याहून एक प्रशिक्षक बोलावला. हंगाम ऐन भरात, बायका थकलेल्या, म्हणून त्यांना 'मोटिव्हेट' करायचं. गृहस्थ भला होता. कडक इस्त्रीचा शर्ट, कॉलरला माईक. त्यानं आधी सगळ्यांकडून टाळ्या वाजवून घेतल्या, मग "मी करू शकते!" असं तीनतीनदा म्हणवून घेतलं. लक्ष्मी शेजारणीला म्हणाली, "करायलोयच की आमी. ह्येला कुणी सांगितलं, करत न्हाय म्हणून?" शेवटी त्यानं दिवे मालवले, मंद संगीत लावलं आणि मऊ आवाजात सांगितलं, डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या, यशाचं चित्र डोळ्यांसमोर आणा.

त्यानं डोळे उघडा म्हटलं, तेव्हा कुणीच डोळे उघडले नाहीत. आख्खा हॉल झोपला होता. कुणी मशिनवर डोकं टेकून, कुणी भिंतीला, कुणी शेजारणीच्या खांद्यावर. एकदोघी घोरत होत्या. बिचाऱ्याचा चेहरा पडला. मालकांचा मुलगा त्यांना उठवायला पुढे झाला, तशा अक्का दोन्ही हात पसरून मधे उभ्या राहिल्या. कुजबुजत म्हणाल्या, "हात लावू नका. किती दिवसांनी डोळा लागलाय." आणि मग त्या प्रशिक्षकाकडे वळून अगदी मनापासून, "सर, तुमी लई गुणाचे हायसा. तुमच्या आवाजात लई ताकद हाय बगा. दर आठवड्याला येत जावा."

तो माणूस पुन्हा आला नाही. पण जेवणानंतर थोडा वेळ दिवे मालवायची पद्धत त्या दिवसापासून पडली ती पडलीच. मालकांनी विचारलं तर अक्का सांगायच्या, "यशाचं चित्र बघायलेत."

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती सांगतो.

त्या वर्षी धंदा मंदीत होता. मालकांनी हंगामाच्या सुरुवातीलाच सगळ्यांना सांगितलं होतं, की शेजारच्या राज्यातल्या निवासी शाळांची एक मोठी ऑर्डर आहे, ती वेळेत गेली तर ठीक, नाहीतर जूनपासून हॉल बंद. मशिनी जिच्या तिच्या घरी न्यायच्या, नगावर काम करायचं. मालक वाईट नव्हते. हॉलचं भाडं आणि विजेचं बिल त्यांना खरंच झेपत नव्हतं. पण बायकांसाठी ही साधी गोष्ट नव्हती. हा हॉल म्हणजे त्यांची घराबाहेरची एकुलती एक जागा. इथं एकत्र डबे उघडायचे, इथं सासूच्या कागाळ्या व्हायच्या, इथं कुणी "पाणी आण गं" म्हणून उठवत नव्हतं. शबाना त्या दिवशी म्हणाली, "घर में मशिन रखे तो घरवालों कू काम दिखताच नै. बोलते, बैठकेच तो है दिनभर." अक्कांचं नवरा गेल्यापासूनचं सगळं आयुष्य ह्या हॉलात गेलेलं. जेवायच्या सुट्टीत त्या टेप गळ्यातून काढून नुसत्याच बोटांभोवती गुंडाळत बसल्या होत्या.

त्यानंतर अक्कांनी हॉल असा काही चालवला की बोलायची सोय नाही. आठवड्याची सुट्टी बायकांनी आपणहून सोडली. काड्या पडत होत्या, दिवे मालवले जात होते, अक्का दिवसातून चारचारदा दमत होत्या. मंगळवारी सकाळी गाडी निघायची होती, आणि त्याच्या आदल्या शनिवारी माल जवळजवळ हातावेगळा झाला होता. मी पॅकिंगच्या टेबलावर होतो. एक शर्ट उचलून उगाच स्वतःच्या छातीला लावून पाहिला, आमच्या मुलाचं माप आठवलं म्हणून. शाळेचं चिन्ह असलेला खिसा माझ्या उजव्या बाजूला आला. मी शर्ट फिरवून पाहिला. दुसरा घेतला. तिसरा घेतला. शेवटच्या लॉटमधला अर्ध्याहून जास्त माल तसाच होता. सगळे खिसे उजवीकडे.

असं झालं होतं, की खिसे लावणारी जुनी बाई लेकीच्या बाळंतपणाला गेली होती आणि अक्कांनी तिच्या मशिनवर दुसऱ्या बायकांना आळीपाळीनं बसवलं होतं. अक्का नेहमी बाईच्या शेजारी बसून शिकवायच्या, खांद्याला खांदा लावून. त्या दिवशी घाई होती. त्या समोर उभ्या राहिल्या, शर्टाचा पुढचा भाग स्वतःच्या अंगाला लावला आणि खिसा धरून दाखवला, "हितं." समोरच्या बायका इतक्या थकलेल्या, की अक्कांच्या डावीकडचा खिसा त्यांना आपल्या उजव्या हाताला दिसला आणि त्यांनी तो उजवीकडेच लावला. आरशात बघून भांग पाडावा तसं. पुढच्या मशिनींवरच्या बायकांनीही आपापली कॉलर आणि आपापली बाही जोडली, खिशाकडे कुणी पाहिलंच नाही.

मी तो शर्ट घेऊन अक्कांकडे गेलो. त्यांनी तो हातात घेतला, अंगाला लावला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मग त्या भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी मेन स्विच बंद केला. मशिनी थांबल्या.

"बायांनो," त्या म्हणाल्या, "खिसं उलट्या बाजूला लागल्यात. चूक माजी हाय. मी समोर उभी ऱ्हाऊन दाखवलं, तुमी बघितलं तसं केलं. तुमच्याकडं काय न्हाय."

एक बाई मशिनवर डोकं ठेवून रडायला लागली. लक्ष्मी उभी राहिली. "अक्का, शिवायला सांगा, किती बी शिवते. पन आपलंच शिवलेलं आपनच उसवायचं? माझ्या हातात आता तेवढा जीव न्हाय." आणि ती मटकन खाली बसली. शिवणाऱ्या माणसाला उसवायला लावणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

"तुला कोण सांगायलंय उसवायला?" अक्का म्हणाल्या. "उटा समद्या. घरी जावा. उद्या रविवार हाय, झोपा. सोमवारी या."

केबिनच्या दारात उभे राहिलेले मालक धावतच आले. "कमलबाई, शुद्धीवर आहात का? मंगळवारी गाडी आहे!"

"म्हाईत हाय की, म्हणून तर धाडायलेय. ह्येनी आज उसवलं तर सोमवारी खिसं लावायला कोण उटंल? तुमी लावता का?"

"मग उसवणार कोण?"

"ते माज्याकडं लागलं," म्हणाल्या आणि पिशवी घेऊन बायकांच्या आधी गेटाबाहेर पडल्या.

माझ्या आजोळी शेती होती, त्यामुळे 'सावड' हा शब्द मला ऐकून माहीत होता. पेरणी-काढणीच्या दिवसात आज तुमची माणसं आमच्या रानात, उद्या आमची तुमच्या रानात. मजुरी नाही. ज्याचं काम त्यानं जेवू घालायचं आणि आलेल्या प्रत्येकाचा दिवस पुढे आपल्या अंगमेहनतीनं फेडायचा. अक्कांचं बालपण खेड्यात गेलेलं. त्या शनिवारी दुपारी त्या कुंभारीला घरोघर फिरल्या. हॉलमधून निवृत्त झालेल्या म्हाताऱ्या, विडी वळणाऱ्या बाया, शेजारणी, भाचीची सासू. प्रत्येकीला एकच सांगणं, "उद्या माज्याकडं सावड हाय. येताना ब्लेड न्हायतर बारीक कातर आणा."

मी घरी जेवताना हे सांगितलं, तर वंदना, माझी बायको, म्हणाली, "मीही येते. उसवता येतं मला. केलेलं उसवून पुन्हा करायचं, ह्या घरात येऊन दुसरं काय केलंय?" हा टोला माझ्या आईला होता की मला, ते मी विचारलं नाही.

रविवारी सकाळी हॉलात सतरंज्या अंथरलेल्या होत्या. मशिनींना त्या दिवशी सुट्टी. गोल करून बायका बसल्या होत्या, मधे शर्टांचे ढीग. खिशाच्या टाक्याखाली ब्लेडचं टोक घालायचं, हलकेच एक टाका तोडायचा, मग पुढचा. कापडाला धक्का लागता कामा नये. कुणीतरी जात्यावरची ओवी धरली, कुणी भीमगीत धरलं, लेकीकडे कुंभारीला आलेली मैंदर्गीची एक म्हातारी कानडीत काहीतरी लांबच लांब गात होती आणि न समजणाऱ्याही माना डोलवत होत्या. कोपऱ्यात प्रेसवाला ओल्या फडक्यानं आणि वाफेनं सुईची भोकं बुजवत होता. अक्कांनी पहाटे उठून रांधून आणलं होतं. भाकऱ्यांची चवड, पिठलं, ताक आणि अर्थातच त्यांची शेंगाची चटणी.

मालक आले, बघत राहिले आणि अक्कांना बाजूला घेऊन म्हणाले, "ह्यांच्या मजुरीचं काय ते सांगा."

"तुमी काय बी द्यायचं न्हाय. तुमी दिलं की ती मजुरी झाली. ह्या माज्या बोलीवर आल्यात, मीच फेडणार."

मला हे पटलं नव्हतं. मालकाच्या मालासाठी ह्या बायांनी रविवार का घालवावा? मी तसं अक्कांना तिथंच बोललो. त्या ब्लेड थांबवून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "माल मालकाचा असंल साहेब. पण चूक माजी हाय आन हॉल आमचा हाय." मला ते आजही पूर्ण पटलेलं नाही. पण त्यांना पटलेलं होतं, आणि त्या सतरंजीवर बसलेल्या सगळ्या जणींना.

जेवणाच्या सुमाराला हॉलच्या दारात लक्ष्मी उभी. मागे शबाना, तिच्या मागे आणखी काहीजणी. घरी राहवलं नाही म्हणे. लक्ष्मी शर्टाला हात घालणार तोच अक्कांनी तिच्या हातावर चापट मारली. "हात लावू नको. आज तू पाव्हणी हाय. जेवायचं आन झोपायचं." शबाना म्हणाली, "अक्का, थोडा तो करने दो." अक्का म्हणाल्या, "ताक वाढ सगळ्यास्नी. तेवडंच तुजं काम." त्यांनी वाढलं, जेवल्या आणि खरोखरच झोपल्या. उसवलेल्या शर्टांच्या ढिगाला टेकून लक्ष्मी तोंड उघडं टाकून झोपली होती, आणि तिच्या बाजूला बसलेली तिची स्वतःची सासू ब्लेडनं खिसे काढत होती. संध्याकाळी दिवे लागायच्या आत शेवटचा खिसा निघाला.

सोमवारी हॉल सकाळी लवकर भरला. अक्का खिशाच्या मशिनीपाशी स्टूल घेऊन बसल्या, बाईच्या शेजारी, आणि दिवसभर तिथून हलल्या नाहीत. त्या दिवशी त्या एकदाही दमल्या नाहीत, आणि काडी टाकायचीही गरज पडली नाही. मंगळवारी सकाळी मी गाडीचं दार लावलं, ड्रायव्हरनं गिअर टाकला. मालक बाहेर आले आणि गाडी वळेपर्यंत बघत राहिले. मग अक्कांकडे न बघता म्हणाले, "त्या मागच्या पंख्याचं सांगत होता ना, तो बदलून घेऊ. पुढच्या हंगामाला गरम व्हायला नको." पुढचा हंगाम म्हणाले, म्हणजे हॉल राहिला. बायकांना ते समजायला एक क्षण लागला, आणि मग जो कल्ला झाला तो रस्त्यापर्यंत गेला. अक्का मात्र मालकांना म्हणाल्या, "एक पंखा कशाला, दोन बदला की."

त्यानंतर दर रविवारी अक्का कुणाकडे ना कुणाकडे असायच्या. आज हिच्या गच्चीवर कुरडया घालायला, पुढच्या रविवारी तिच्या घराला चुना द्यायला, कधी कुणाच्या नातवाच्या बारशात भांडी घासायला. मैंदर्गीच्या म्हातारीकडे तर एसटीनं जाऊन तिच्या वाटणीची तूर झोडून आल्या. त्यांचं वय, त्यांचे गुडघे. मी म्हणायचो, अक्का, कुणी मागायला आलंय का? तर म्हणायच्या, "मागायला आल्यावर फेडलं तर ते कसलं फेडणं?"

वंदनाचा दिवस राहिला होता. तिनं अक्कांना बजावलं होतं, माझ्याकडं यायचं नाही, मी तसं धरलेलंच नाही. अक्का हसून मान डोलवायच्या.

दोन हंगाम गेले. मग अक्का कामावर येईनाशा झाल्या. लक्ष्मीनं सांगितलं, पोटात गाठ निघालीय, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे, डॉक्टर काही खात्रीचं बोलत नाहीत. मी भेटायला जायचं ठरवत होतो, तोच रविवारी सकाळी आमच्या जुळे सोलापुरातल्या फ्लॅटची बेल वाजली. दारात अक्का. निम्म्या झाल्या होत्या. टेप गळ्यात होता, पण आता तो फार लांब वाटत होता.

"वैनी, तुमचा हात मोडलाय म्हणं," त्या चपला काढता काढता म्हणाल्या. "वरसाचं धान्य निवडायचं ऱ्हायलं असंल."

वंदनाच्या मनगटाला प्लॅस्टर होतं आणि ज्वारी, गहू, डाळी सगळं पोत्यात तसंच पडून होतं, हे खरं होतं. आम्ही दोघांनी हात जोडले, नको म्हणालो, ओरडलो. अक्कांनी पदर खोचला आणि सूप मागितलं. दिवसभर त्या भिंतीला टेकून बसल्या. मधूनमधून डोळे मिटून श्वास घ्यायच्या आणि पुन्हा सूप हलवायच्या. आणि मला विचारत होत्या, हॉलात कोण नवीन आलंय, खिडकीजवळ कोण बसतंय, यंदा ऑर्डरी कशा आहेत. मी सगळं सांगत होतो. दुपारी वंदना म्हणाली, "अक्का, आता बास. राहिलेलं तुम्ही बऱ्या झाल्यावर या, तेव्हा करू." त्यांनी मान वर केली नाही. "न्हाय वैनी. आता मागं ठेवायचं न्हाय. सगळ्यांचं झालंय, तुमचं तेवडं एकच हाय."

वंदना उठून आत गेली. मला वाटलं, रडायला गेली असेल.

ऊन उतरल्यावर अक्कांनी सूप झटकून भिंतीला लावलं, हात धुतले, चहा घेतला. "फिटलं," म्हणाल्या आणि लहान पोरीसारखं हसल्या. मी त्यांना धरून जिना उतरवला, रिक्षा थांबवली, आत बसवलं. कुंभारीला सोडायला येतो म्हणालो तर नको म्हणाल्या. रिक्षावाल्यानं मीटर पाडलं.

तेवढ्यात वरून हाक आली, "अक्का!" वंदना गॅलरीत उभी होती. चांगल्या हातानं तिनं तुरीच्या डाळीची एक गच्च भरलेली पिशवी छातीशी धरली होती. मघाशी आत जाऊन पलंगाखाली लपवून ठेवलेली. "ही राहिली बरं का! ही निवडायला यावं लागेल!"

अक्कांनी रिक्षातून डोकं बाहेर काढलं. कपाळावर हात धरून वर पाहिलं. पिशवी दिसली तशी त्यांनी मूठ उगारली आणि तो हॉलभर पुरणारा आवाज पुन्हा एकदा निघाला, "लबाड हायसा की वैनी तुमी! लई लबाड हायसा!" हसता हसता त्यांना ठसका लागला, रिक्षा निघाली, आणि कोपऱ्यावर वळेपर्यंत ती उगारलेली मूठ बाहेरच होती.

ती पिशवी वंदनानं अजून निवडलेली नाही.